वाचक विचारतात : अक्रोड, पेकान आणि त्यांचं गणगोत

अक्रोडाच्या कुळात जगभरात साधारण ६० जाती आहेत. आपल्या ओळखीचा अक्रोड, अमेरिकेतला काळा अक्रोड आणि पेकान ही त्यातली नेहमी खाण्यात येणारी मंडळी. गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सर्वांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच गोष्टीबद्दल अनेकांनी विचारलं होतं, ते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दिवाळीला आणलेले सोललेले अक्रोड काचेच्या बरणीत, ओट्यावरच्या फळीवर ठेवले होते. जूनमध्ये बघितले तर कडू लागतात. भाजून घेतले तरी कडूपणा गेला नाही. ते खाण्याजोगे आहेत का? (रत्नागिरी)

नाहीत. टाकून द्या. खवट झालेला अक्रोड भाजून, भिजवून किंवा उन्हात घालून परत गोड होत नाही. भाजल्याने उलट खवटपणा वाढतो.

अक्रोडाच्या गरात वजनाच्या सुमारे ६५ टक्के तेल असतं. त्या तेलात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही आम्लं भरपूर असतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांचा संयोग चटकन होतो. युरोपातले जुने चित्रकार रंग कालवायला अक्रोडाचं तेल वापरत ते याच गुणासाठी, कारण त्याचा पातळ थर हवेवर सुकून कडक होतो. आपल्याकडचं जवसाचं तेलही असंच वागतं. तेव्हा अक्रोड साठवताना डोळ्यांपुढे शेंगदाणे ठेवू नका, जवसाचं तेल ठेवा. उजेड, ऊब, हवा आणि दमटपणा हे चारही त्याचे वैरी आहेत, आणि तुमच्या ओट्यावरच्या फळीवर त्याला चारही भेटले. शेगडीच्या जवळची फळी तर सुक्यामेव्यासाठी घरातली सर्वांत वाईट जागा.

मात्र प्रत्येक कडू अक्रोड खवट नसतो. गरावरच्या पातळ तपकिरी सालीत टॅनिन असतं, त्याचा तुरटपणा जिभेला कडवट भासतो. शंका आली तर एक फोड गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, साल खरवडून काढा आणि आतला पांढरा गर चावून बघा. तो गोडसर लागला तर कडूपणा सालीचा आहे. गरच घशाला लागत असेल, जुन्या वॉर्निशसारखा वास येत असेल किंवा आतला भाग पिवळट, तेलकट-अर्धपारदर्शक दिसत असेल तर तो खवट. बुरशी दिसली तर निवडत बसू नका, सगळी पिशवी टाका. बुरशीचं विष शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या फोडीतही उतरलेलं असू शकतं.

पुढच्या वेळी असं करा. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच, म्हणजे चौघांच्या घराला अर्धा किलोच्या आत, सोललेले अक्रोड आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते सहा महिने चांगले राहतात, फ्रीझरमध्ये वर्षभर. डबा जितका भरलेला तितकी आत हवा कमी, म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी तीन-चार लहान पिशव्या बऱ्या. कांदा, लसूण, सुकट यांच्याजवळ ठेवू नका, कारण अक्रोड दुसऱ्याचा वास फार लवकर धरतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडला की थंड गरावर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत तर भरपूर जमतं. डबा बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. लागतील तेवढे काढून बाकीचे लगेच परत आत ठेवा.

नुसते मऊ पडलेले, पण चवीला चांगले असलेले अक्रोड ओव्हनमध्ये १५० अंशांवर सात-आठ मिनिटांत किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतून कुरकुरीत होतात. भाजलेले मात्र त्याच आठवड्यात संपवा.

प्रश्न : बाजारात ‘कागजी’ म्हणून सांगतात, पण भाव दुकानागणिक वेगळा. कवचासकट घ्यावेत की सोललेले? पांढऱ्या कवचाचे चांगले का? (नागपूर)

काश्मीरमध्ये, जिथे भारतातला बहुतेक अक्रोड पिकतो, कवचाच्या जाडीवरून तीन ढोबळ प्रकार मानतात. हाताने फुटतो तो कागजी, मधला बुर्झुल आणि दगडासारखा टणक तो वोंठ. ही बियाण्याच्या वाणांची नावं नाहीत. काश्मीरमधली जुनी झाडं बहुतांश बियांपासून वाढलेली आहेत, त्यामुळे शेजारच्या दोन झाडांचे अक्रोडही सारखे नसतात. एका पोत्यात तिन्ही प्रकार सापडतात ते यामुळेच. कॅलिफोर्नियाचा माल एकसारखा दिसतो, कारण तिथे कलमांच्या बागा आहेत. ‘चँडलर’ हा तिथला मुख्य वाण डेव्हिसच्या विद्यापीठाने १९७९मध्ये प्रसारित केला.

कवचाच्या पांढरेपणावर जाऊ नका. कवच रसायनाने धुऊन पांढरं करता येतं, त्याचा आतल्या गराशी संबंध नाही. गराचा रंग मात्र बघा. फिकट सोनेरी गर म्हणजे फळ वेळेवर उतरवून हिरवी साल लगेच काढली आणि नीट वाळवलं. उतरवलेली फळं सालीसकट ढिगात पडून राहिली की ढीग तापतो, सालीतला काळा रस आत मुरतो आणि गर गडद होतो. गडद गर विषारी नसतो, पण जास्त तुरट लागतो आणि लवकर खवटतो.

दुकानात दोन अक्रोड फोडून बघायला मागा. कानाजवळ हलवल्यावर खडखड वाजला तर गर आत आक्रसलेला आहे. हातात वजनदार लागला पाहिजे. चांगल्या कागजी मालात एक किलोतून ४५० ते ५०० ग्रॅम गर निघतो, टणक मालात त्याहून बराच कमी. सोललेल्याचा भाव कवचासकटच्या दुपटीपर्यंत असेल तर हिशोब जवळपास सारखाच पडतो.

हंगामाचंही गणित ध्यानात ठेवा. काश्मीरचा माल ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये उतरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आपल्याकडे येतो. चिलीमध्ये ऋतू उलटे, तिथली काढणी मार्च-एप्रिलमध्ये होते. त्यामुळे पावसाळ्यात ताजा माल हवा असेल तर चिलीचा विचारा. त्या दिवसांत काश्मीर आणि कॅलिफोर्नियाचा माल आठ-नऊ महिन्यांचा झालेला असतो.

टणक अक्रोड फोडायचे असतील तर दोन तास पाण्यात ठेवून निथळा. सांध्याची रेघ उभी आणि टोक वर राहील असा धरून टोकावर हलका घाव घाला, मग फिरवून पुन्हा. आडवा ठेवून जोरात मारला की कवच गरात घुसतं आणि चुरा होतो.

प्रश्न : वाईजवळ दोन एकर जागा आहे, महाबळेश्वरलाही थोडी आहे. अक्रोड लावावा का? रोपवाटिकेत रोप मिळतंय. (सातारा)

लावू नका. निदान उत्पन्नासाठी तरी नकोच.

अक्रोडाला हिवाळ्यात पानं गाळून झोपायला थंडी लागते. ७ अंशांच्या खाली साधारण ७०० ते १,५०० तास, वाणाप्रमाणे कमीजास्त. रात्रीचे आठ तास पारा ७ अंशांखाली राहिला असं धरलं तरी ७०० तासांसाठी जवळपास नव्वद रात्री लागतील. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात, पण अशा रात्री मोजक्याच. थंडी अपुरी पडली की कळ्या एकदम फुटत नाहीत. काही फांद्या फेब्रुवारीत पालवतात, काही एप्रिलमध्ये, काही फुटतच नाहीत. नर तुरे आणि मादी फुलं यांची वेळ मुळातच पुढेमागे असते, ती आणखी विस्कटते आणि वाऱ्यावरचं परागीभवन साधत नाही. यातून काही धरलंच तर महाबळेश्वरचा पाऊस आहे. दमट हवेत अक्रोडावर जिवाणूंचा करपा येतो, कोवळी फळं काळी पडून गळतात. हिमालयात हे झाड साधारण १,२०० ते २,५०० मीटर उंचीवर लावतात, ते उंचीसाठी नव्हे तर तिथल्या लांब हिवाळ्यासाठी.

पेकानला थंडी काहीशी कमी पुरते, पण लांब, कडक उन्हाळा आणि भरपूर पाणी हवं. हिमाचल, जम्मू आणि उत्तराखंडच्या खालच्या डोंगररांगांत तो थोडाफार लावतात. सह्याद्रीसाठी त्याचीही शिफारस आम्ही करणार नाही.

मुलांना दाखवायला कुंडीत उगवून बघायचा असेल तर जरूर बघा. कवचासकटचा, न भाजलेला, त्याच हंगामातला अक्रोड घ्या. दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मग ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये पुरून, भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवा. वाळू मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये, नाहीतर बी कुजतं. बाहेर काढल्यावर ५ ते ७ सेंटिमीटर खोल, आडवा, सांध्याची रेघ उभी राहील असा लावा. सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जातं, म्हणून कुंडी किमान दीड फूट उंच हवी. उगवेल, एखादं-दोन वर्षं वाढेलही. एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपतील. फळाची अपेक्षा ठेवू नका. काश्मीरमध्येही बियांच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, कलमाला चार-पाच.

प्रश्न : आमच्या परसात मोठं झाड आहे, त्याला सगळे रान अक्रोड म्हणतात. फळं खूप पडतात. गर अक्रोडासारखाच दिसतो. खाल्ला तर चालेल का? (सावंतवाडी)

कच्चा अजिबात खाऊ नका, मुलांनाही सांगून ठेवा. हे झाड अक्रोडाच्या कुळातलं नाही, एरंडाच्या कुळातलं आहे. कोकणात आणि गोव्यात बागांमध्ये, रस्त्याकडेला ते बरंच लावलेलं आहे. ओळख पानांवरून पटते. याचं पान अखंड, बहुधा तीन ते पाच टोकांचं असतं, कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी लव असते आणि देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन लहान ग्रंथी दिसतात. खऱ्या अक्रोडाचं पान संयुक्त असतं. एका दांडीवर साधारण पाच ते नऊ पर्णिका, टोकाची सर्वांत मोठी, आणि चुरगळली की तीव्र वास.

कच्च्या बियांनी काही वेळातच उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. इंडोनेशियात याच बिया ‘केमिरी’ नावाने वाटणात घालतात, पण त्या भाजून, शिजवून आणि एका पदार्थात मोजक्याच. आपल्याकडे ती सवय नाही. म्हणून आमचा सल्ला असा की खाण्यासाठी या बिया वापरूच नका. निम्म्याहून अधिक तेल असल्याने त्या दिव्यासारख्या जळतात, आणि पॅसिफिक बेटांवर पूर्वी त्या माळून पेटवत असत.

जाता जाता एक इशारा. याच बिया परदेशात ‘इंडियन नट’ अशा नावाने वजन कमी करायला विकल्या जातात. त्या नावाच्या पाकिटांत पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया निघाल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. बिट्टी थेट हृदयावर आघात करते. ऑनलाइन असं काही दिसलं तर घेऊ नका.

प्रश्न : घरामागे काळ्या अक्रोडाचं मोठं झाड आहे. टोमॅटो आणि वांगी लावली की महिन्याभरात माना टाकतात. पाणी भरपूर आहे. शिवाय पडलेल्या फळांचं काय करायचं? (न्यू जर्सी)

काळ्या अक्रोडाच्या मुळांत, सालीत, पानांत आणि फळाच्या हिरव्या टरफलात एक रंगहीन द्रव्य असतं. हवेशी संबंध आला की त्याचं जुग्लोन बनतं. संवेदनशील झाडांच्या मुळांचा श्वास ते रोखतं, म्हणून माती ओली असूनही रोप कोमेजतं. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची ही सगळी एकाच घरची आणि सगळीच नाजूक. कोबी, सफरचंद, ब्लूबेरी, ॲझेलिया यांचंही तेच. घेवडा, मका, गाजर, बीट, कांदा, भोपळ्याच्या जाती बऱ्यापैकी तग धरतात. आपल्या काश्मिरी अक्रोडातही हे द्रव्य असतं, पण कमी.

सगळा दोष जुग्लोनवर टाकण्याआधी एक खात्री करा. टोमॅटोचा मर रोगही असाच दिसतो, आणि मोठ्या झाडाची सावली व पाण्याची ओढ यांनीही रोपं खंगतात. शेतात प्रत्यक्ष किती नुकसान जुग्लोनमुळे होतं याबद्दल अलीकडे काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. म्हणून दोन रोपं त्याच रोपवाटिकेच्या मातीसह मोठ्या कुंड्यांत, झाडापासून दूर, उन्हात ठेवा. ती चांगली वाढली आणि वाफ्यातली मेली, तर जागेचा दोष नक्की.

भाजीचा वाफा खोडापासून १५ ते १८ मीटर लांब न्या. तेवढी जागा नसेल तर कुंड्या सर्वांत खात्रीच्या. उंच वाफा करायचा तर किमान दीड फूट माती हवी आणि तळाला मुळं आत येणार नाहीत असं कापड. तरीही दर वर्षी गळलेली पानं त्यातून उचलावी लागतील. पानांचं खत करता येतं, कारण हवा आणि ओलावा मिळाला की जुग्लोन काही आठवड्यांत विघटित होतं. लाकडाचा भुसा मात्र सहा महिने वेगळा कुजवा. झाड तोडलं तरी जमिनीतली मुळं काही वर्षं त्रास देत राहतात, त्यामुळे केवळ टोमॅटोसाठी ते तोडू नका.

फळं खाण्यालायक आहेत आणि चव आपल्या अक्रोडाहून उग्र, रानटी अंगाची आहे. अंगठ्याने दाबल्यावर हिरव्या सालीला खळगा पडला की गोळा करा. साल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढा. उशीर झाला की गर काळवंडून कडवट होतो. रबरी हातमोजे घाला, कारण हातावरचा काळा डाग साबणाने जात नाही, आठवडे लागतात. साल काढलेले अक्रोड बादलीभर पाण्यात टाका. तरंगतील ते पोकळ, फेकून द्या. ते पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नका. बुडालेले सावलीत, हवेशीर, एकेरी थरात दोन-तीन आठवडे वाळवा, खारींपासून जपून. आपल्या घरचा अडकित्ता किंवा अक्रोडफोडणी इथे चालत नाही, बाकावर बसवलेला शिकंजा किंवा हातोडी लागते.

घरात कुत्रा असेल तर अंगणातली पडलेली फळं रोज उचला. बुरशी धरलेल्या टरफलातल्या विषाने कुत्र्यांना थरथर आणि झटके येतात.

प्रश्न : मुलाला अक्रोडाची ॲलर्जी आहे. पेकान, काजू, बदाम दिले तर चालतील का? (पुणे)

पेकान नक्कीच नको. अक्रोड आणि पेकान सख्खे भाऊबंद, त्यांची बियांतली प्रथिनं इतकी सारखी की एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचीही बहुधा असते. काजू आणि पिस्ता ही दुसरी अशीच जोडी, दोन्ही आंब्याच्या कुळातले. बदाम गुलाबाच्या कुळातला, शेंगदाणा तर शेंगवर्गीय. त्यांची ॲलर्जी असेलच असं नाही, पण नसेल असंही घरी ठरवू नका. ॲलर्जीतज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या आणि आणीबाणीचं ॲड्रेनॅलिन इंजेक्शन जवळ ठेवावं का ते विचारा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला, किंवा अंगभर गांधी आणि उलट्या एकत्र दिसल्या, तर थेट रुग्णालय गाठा.

लपलेला अक्रोड शोधायची सवय लावा. ब्राउनी, बनाना ब्रेड, लोणावळ्याचं चॉकलेट-वॉलनट फज, मिश्र सुक्यामेव्याची चिक्की आणि लाडू यात तो हमखास असतो. सुट्या सुक्यामेव्याच्या दुकानात एकच डाव सगळ्या बरण्यांतून फिरतो, तेव्हा बदामही बंद पाकिटातला घ्या.

प्रश्न : अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला असं म्हणतात. वडील ७४ वर्षांचे आहेत, रोज किती द्यावेत? (नाशिक)

आकारावरून काही ठरत नाही. निरोगी ज्येष्ठांना दोन वर्षं रोज अक्रोड देऊन बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा इथे एक मोठी चाचणी झाली. एकूण निकालात स्मरणशक्तीवर ठळक फरक दिसला नाही. वाईट कोलेस्टेरॉल मात्र थोडं उतरलं. हृदयासाठी पुरावा त्यापेक्षा बरा आहे. स्पेनमधल्या प्रसिद्ध आहारचाचणीत एका गटाला रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला होता, त्यात १५ ग्रॅम अक्रोड होता.

वडिलांना रोज २० ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा अख्ख्या अक्रोडांचा गर पुरे. तीस ग्रॅममध्ये जवळपास २०० उष्मांक असतात, तेव्हा तेवढं तेल किंवा फरसाण आहारातून कमी करा. दात नीट नसतील तर रात्रभर भिजवून, पाणी टाकून, वाटून द्या. भिजवल्याने सालीचा तुरटपणा कमी होतो, बाकी जादू काही नाही. अक्रोड परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. अल्फा-लिनोलेनिक आम्ल १०० ग्रॅम अक्रोडात सुमारे ९ ग्रॅम, तर जवसात २२ ग्रॅम. घरची जवसाची चटणी ते काम उत्तम करते.

प्रश्न : अक्रोडाने लोकर रंगवता येते असं ऐकलं. घरात साठलेली कवचं चालतील का? (सोलापूर)

कवचातून रंग फारसा उतरत नाही. रंग असतो बाहेरच्या हिरव्या सालीत. ती वाळवून, भरड करून नैसर्गिक रंगांच्या दुकानांत मिळते. शंभर ग्रॅम पांढऱ्या लोकरीला शंभर ग्रॅम सुकी साल घ्या, चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी तासभर मंद उकळा आणि फडक्याने गाळा. लोकर आधी कोमट पाण्यात पूर्ण भिजलेली हवी, नाहीतर ठिपके पडतात. गाळलेलं पाणी कोमट असताना ती सोडा, हळूहळू ८० अंशांपर्यंत न्या आणि पाऊण तास तिथेच ठेवा. उकळी येऊ देऊ नका, ढवळूही नका, लोकर गुंतून नमद्यासारखी होते. भांड्यातच थंड होऊ द्या. तुरटीची गरज नाही, हा रंग लोकर स्वतःच धरते. सुती कापड रंगवायचं तर आधी हिरड्याच्या पाण्यातून काढा, तरी छटा फिकीच येईल. लोखंडी भांड्यात केलं तर तपकिरी रंग काळपट होतो, स्टीलमध्ये उबदार राहतो. उरलेल्या पाण्यात दुसरी लड घातली तर बदामी छटा मिळते.